दोन पिवळ्या चौकटी

हार्लन प्रुइट यांनी टोस्टला लोणी लावता लावता बायकोला विचारलं, "ओडेट, त्या फॉर्ममध्ये तू काय लिहिणार आहेस?"

ओडेटनी कॉफीचा कप खाली ठेवला. "हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आहे का?"

"नाही."

"मग टोस्ट खा."

हार्लननी टोस्ट खाल्ला. तसा प्रश्न काही जगावेगळा नव्हता. मेल्यावर तुला कुठे पुरायचं, एवढंच त्यांना बायकोकडून जाणून घ्यायचं होतं. शहात्तर वर्षांच्या नवऱ्याने त्र्याहत्तर वर्षांच्या बायकोला हे विचारलं तर त्यात कुणाला काही वावगं वाटू नये. पण या दोघांच्या घरात ते बेकायदेशीर होतं, आणि ते बेकायदेशीर आहे हे सगळ्यांत पक्कं ठाऊक असलेला माणूस म्हणजे स्वतः हार्लनच.

त्याचं असं आहे. टूली बेंडची दफनभूमी चर्चची नाही आणि कुणा कंपनीचीही नाही, ती गावाची आहे. आम्ही सगळे घरपट्टीतून तिला पोसतो आणि त्या बदल्यात हद्दीत राहणाऱ्या प्रत्येकाला तिथे शेवटची जागा मिळते. कारभार बघायला काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, नेमलेलं तीन विश्वस्तांचं मंडळ आहे. हार्लन सव्वीस वर्षं अध्यक्ष, ओडेट अकरा वर्षं विश्वस्त, आणि तिसरा बेन्यात एचेवेरी, जो उन्हाळाभर मेंढ्या घेऊन डोंगरात असतो. आता कायदा असा, की मंडळाच्या बहुमताने मंडळाच्या कामाबद्दल जे काही बोलायचं ते उघड्या सभेतच बोलायचं, आणि त्या सभेची विषयांसकट नोटीस बहात्तर तास आधी दारावर लावायची. तिघांचं बहुमत म्हणजे दोघं. ते दोघं गेल्या ऑक्टोबरात एकमेकांशी लग्न करून मोकळे झाले.

दोघंही विधुर-विधवा, दोघांची मुलं दूर गेलेली. प्रेम जमलं तेही सभेतच, जमीन पोखरणाऱ्या गोफरांचा बंदोबस्त कसा करावा या विषयावर. त्याला कायद्याची हरकत नव्हती. लग्नाच्या दिवशी मंडळाची सचिव ट्वायला केकची बशी हातात घेऊन त्यांच्यापाशी आली आणि म्हणाली, "अभिनंदन. आजपासून तुमच्या घरात कोरम आहे."

दोघांपैकी एकाने राजीनामा द्यावा असं कुणालाही वाटेल. पण मागच्या वेळी एक जागा रिकामी झाली होती तेव्हा पोस्टाबाहेर लावलेली जाहिरात दोन वर्षं ऊन खात राहिली आणि अर्ज आला नाही. दोघंच उरले तर बेन्यात डोंगरात असताना सभाच भरणार नाही, आणि लोक काही उन्हाळ्यात मरायचे थांबत नाहीत. शिवाय ओडेटना ते पद जिवापाड प्यारं होतं. दफनभूमीत जुन्या पोर्तुगीज कुटुंबांच्या कोपऱ्यात पाण्याचा नळ त्यांनी तीन वर्षं भांडून आणला होता. तेव्हा दोघांनी ठरवलं, की घरात दफनभूमीचं नाव काढायचं नाही.

असं ठरवणं सोपं असतं. मे महिन्यात फुलं वाहायच्या दिवशी दोघं एकाच गाडीतून दफनभूमीत गेले. हार्लन लवेडाच्या थडग्यापाशी, ओडेट डेल्फिनच्या. लवेडा ही हार्लनची पहिली बायको, डेल्फिन हा ओडेटचा पहिला नवरा. गवत पार वाळून गेलं होतं, पण गवत हा मंडळाचा विषय, त्यामुळे दोघं त्या गवताकडे बघून हवेबद्दल बोलले. परतताना ओडेटचा पाय गोफरच्या बिळात गेला आणि घोटा मुरगळला. हार्लन त्यांना उचलून गाडीत बसवत होते, पण कशाने पडलीस हे त्यांनी विचारलं नाही. गाडीत बसल्यावर त्यांनी बायकोच्या देखत ट्वायलाला फोन लावला आणि एका नागरिकाचा पाय एका बिळात गेल्याची रीतसर तक्रार नोंदवली.

हे कुणाला अती वाटेल. पण दोनच वर्षांपूर्वी शेजारच्या मंडळाच्या विश्वस्तांनी गवत कापायच्या नव्या यंत्राची चर्चा हॉटेलबाहेर गाडीला टेकून केली होती, आणि काउंटीच्या नागरिक चौकशी समितीने त्यांच्यावर चौदा पानी अहवाल लिहिला होता. तो अहवाल आमच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवणारे अध्यक्ष म्हणजे हार्लन. वाचताना ते दोनदा "अरेरे" म्हणाले होते, आणि ट्वायलाने ते इतिवृत्तात घेतलं होतं.

सप्टेंबरात मंडळाने दफनभूमीचा नवा नकाशा करायला घेतला. ज्यांनी ज्यांनी आपली जागा आधीच राखून ठेवली आहे त्यांना एकेक फॉर्म गेला. प्रश्न एकच होता. ही जागा आपण वापरणार आहात काय? हो किंवा नाही. भरल्या थडग्यांना राखाडी रंग, 'हो' आलेल्या जागांना हिरवा, आणि उत्तर न आलेल्यांना पिवळा. नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर टांगला गेला. एकेक पिवळी चौकट हिरवी होत गेली आणि महिनाअखेरीला साडेआठशे जागांत फक्त दोन पिवळ्या उरल्या. एक लवेडाच्या शेजारची, एक डेल्फिनच्या शेजारची.

त्या दोन्ही थडग्यांवर जोडीचे दगड होते. आमच्याकडे नवरा-बायकोपैकी एक गेला की दगड दोघांचा करतात. गेलेल्याची दोन्ही सालं, राहिलेल्याचं नाव, जन्मसाल, एक आडवी रेघ आणि पुढे मोकळी जागा. डेल्फिनशेजारी 'ओडेट' कोरलेलं होतं, लवेडाशेजारी 'हार्लन'. दगडांच्या हिशेबाने दोघांचा निकाल केव्हाच लागलेला होता, पण त्या दगडांना या लग्नाची कल्पना नव्हती.

आता हार्लनच्या मनात काय होतं ते सांगायला हवं, कारण त्यांना ते कुणालाच सांगता येत नव्हतं. लवेडाबरोबर त्यांनी एकेचाळीस वर्षं काढली होती आणि शेवटच्या दिवशी तिचा हात धरून, मी तुझ्याशेजारीच येईन, असं कबूल केलं होतं. ओडेटनी फॉर्मवर 'नाही' लिहिलं, म्हणजे नव्या नवऱ्यासाठी डेल्फिनची जागा सोडली, तर यांनाही सोडावी लागणार, आणि लवेडा एकटी पडणार. ओडेटनी 'हो' लिहिलं तर यांची सुटका होईल, पण आपली बायको आपल्याला सोडून दुसऱ्यापाशी झोपणार हे ऐकून काळजात कळ उठल्याशिवाय राहणार नाही. दोन्हीपैकी कुठलं दुःख आपल्या वाट्याला आहे एवढं तरी कळावं, म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. रोज सकाळी ते टोस्टच्या वेळी तोंड उघडत आणि रोज ओडेट कार्यक्रमपत्रिका विचारत.

शेवटी त्यांना एक युक्ती सुचली. बेन्यात डोंगरातून उतरला होता. सोफालच्या डोनटच्या दुकानात त्याला गाठून हार्लननी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तू सहज म्हणून तिला विचार."

बेन्यात हा भिडस्त माणूस. चार महिने मेंढ्यांशी बोलून आलेला, त्याला सहज कसं विचारतात हेच आठवेना. दुसऱ्या दिवशी ओडेट त्याच दुकानात आल्या तेव्हा तो उठून उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "ओडेट, हार्लनने विचारायला सांगितलंय, तू डेल्फिनजवळ जाणार की त्याच्याजवळ?"

मागच्या टेबलावर ट्वायला बसली होती. तिने हातातला डोनट हळूच कागदावर ठेवला.

"बेन्यात," ती म्हणाली, "हार्लन तुमच्याशी बोलले. तुम्ही ओडेटशी बोललात. म्हणजे तिन्ही विश्वस्तांमध्ये मंडळाच्या विषयावर चर्चा झाली, सभेच्या बाहेर, एका डोनटच्या दुकानात."

"मी नुसता निरोप दिला गं."

"निरोप्याकरवी झालेली चर्चा ही चर्चाच. कायद्यात लिहिलंय तसं."

ओडेट काहीच बोलल्या नाहीत. उत्तर दिलं असतं तर गुन्हा पुरा झाला असता. त्या अर्धा डझन डोनट घेऊन निघून गेल्या आणि घरी हार्लनला त्यातला एकही मिळाला नाही.

झालेली चूक दुरुस्त करायचा मार्गही कायद्यातच होता. जे बंद दाराआड बोललं गेलं ते उघड्या सभेत पुन्हा बोलायचं. ट्वायला मनाने फार चांगली, पण नोटीस लिहायला बसली की तिच्या अंगात काउंटीचा वकील संचारतो. विषय मोघम लिहिला तर लोकांची दिशाभूल होते असा नियम आहे. म्हणून शनिवारी दुपारी कार्यालयाच्या काचेवर जो कागद लागला त्यात विषय क्रमांक सहा असा होता: 'विश्वस्त ओडेट प्रुइट यांना कोणत्या पतीशेजारी पुरावे याबाबत सभेबाहेर झालेली चर्चा नियमित करणे, सदर विषयावर चर्चा करणे व आवश्यक तो ठराव करणे.'

आमच्या मंडळाच्या सभेला सहसा कुणी येत नाही. कार्यालयात खुर्च्या चारच आहेत आणि चौथीवर ट्वायलाची पर्स असते. पण शनिवार संध्याकाळपर्यंत त्या कागदाचे फोटो गावभर झाले. सोफालच्या दुकानात दोन तट पडले. पहिल्या नवऱ्याशी छत्तीस वर्षं संसार केला, ती तिथेच जाणार, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणे, मेल्यावरसुद्धा जुन्याच घरी जायचं तर लग्न केलं कशाला? ज्यांच्या घरचं कुणी तिथे पुरलेलं नव्हतं तेसुद्धा मंगळवारची दुपार मोकळी ठेवू लागले.

मंगळवारी चार वाजता दीडशेच्या वर माणसं जमली. ट्वायलाने दारावर दुसरा कागद चिकटवून सभा मागच्या शेडमध्ये हलवली, जिथे गवत कापायची यंत्रं ठेवतात. लोक पाइपांवर, खताच्या पोत्यांवर आणि उलट्या बादल्यांवर बसले. मागचं इतिवृत्त मंजूर झालं, गोफरांचा अहवाल झाला, प्लास्टिकची फुलं दर पहिल्या बुधवारी काढून टाकण्याचा विषय झाला. एरवी या विषयावर अर्धा तास भांडण होतं. त्या दिवशी कुणी चकार शब्द काढला नाही.

"विषय क्रमांक सहा," हार्लन म्हणाले आणि त्यांना ठसका लागला.

आधी नागरिकांचे बोल, माणशी तीन मिनिटं. डेल्फिनची बहीण इल्डा सगळ्यांत आधी उठली. सगळ्यांना वाटलं, आता रडारड होणार. इल्डा म्हणाली, "वहिनीने काय ते तिच्या मनाने ठरवावं. पण जागा रिकामी होणार असेल तर मला कळवा, मी घेते. तिथे दुपारची सावली असते." त्यानंतर एक बाई उठल्या, त्या तीनच महिन्यांपूर्वी गावात राहायला आल्या होत्या. आपल्याला या विषयावर ऐकण्याचा हक्क आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मग एक गृहस्थ पुढे येऊन म्हणाले की त्यांना काही म्हणायचं नाही, ते ऐकायला आलेत. त्यांच्यामागोमाग बावीस जणांनी माइकपाशी येऊन तेच सांगितलं.

मग ट्वायलाने घसा साफ केला. तिने सकाळी काउंटीच्या वकिलाला फोन केला होता, आणि त्यातून एक नवंच लचांड निघालं होतं.

"अध्यक्षमहाशय, विषय सहामध्ये तुमचा आणि ओडेटचा दोघांचाही वैयक्तिक हितसंबंध आहे. तुम्ही दोघं यात भाग घेऊ शकत नाही."

"मग राहिलं कोण?"

"बेन्यात."

बेन्यात घाबरून उभा राहिला. एकट्याने कोरम होत नव्हता. पण कोरमच होत नसेल तर गरजेपुरता, चिठ्ठ्या टाकून, हितसंबंध असलेल्यांपैकी एकाला परत घेता येतं, असंही वकिलाने सांगितलं होतं. कागद शोधण्यात वेळ नको म्हणून ट्वायलाने थडग्यावर फुलं ठेवायचा पत्र्याचा डबा घेतला आणि त्यात पाण्याच्या पाइपांच्या खुणेचे दोन छोटे झेंडे टाकले, एक लाल, एक पांढरा. लाल मिळेल तो सभेत राहणार.

"आणि पांढरा?" हार्लननी विचारलं.

"पांढऱ्याने बाहेर जायचं. विषय संपेपर्यंत आत थांबायचं नाही आणि ऐकायचंही नाही."

तो बेन्यातकरवीचा निरोप सोडला तर सव्वीस वर्षांत हार्लननी कधी नियम मोडला नव्हता. त्यांनी डोळे मिटून डब्यात हात घातला आणि पांढरा झेंडा काढला. शेडमध्ये हळहळ पसरली. जो प्रश्न विचारण्यासाठी या माणसाने इतक्या वर्षांची इभ्रत पणाला लावली, त्याचं उत्तर गावातल्या दीडशे माणसांना कळणार होतं, गावात आलेल्या नव्या बाईंना कळणार होतं, बादलीवर बसलेल्या सोफालला कळणार होतं, आणि त्याला तेवढं कळणार नव्हतं. ते झेंडा हातात घेऊनच बाहेर गेले. ट्वायलाने शेडचं सरकतं दार ओढून घेतलं, पण ते वर्षानुवर्षं पुरतं लागत नाही, त्यामुळे वीतभर फट राहिली. हार्लन त्या फटीपासून दूर, पार लिंबाच्या झाडापर्यंत गेले, चुकून ऐकू येऊ नये म्हणून.

आत सगळे पुढे झुकून बसले होते. बेन्यात हंगामी अध्यक्ष झाला होता. तो म्हणाला, "ओडेट, बोल बाई. म्हणजे माझी सुटका होईल."

ओडेट उठल्या. त्यांनी गर्दीकडे पाहिलं, मग त्या वीतभर फटीतून लांबवर लिंबाखाली पांढरा झेंडा धरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. त्या मनातून हलल्या, हे पुढच्या रांगेतल्या सगळ्यांना दिसलं.

"मी माझ्या पदाचा राजीनामा देते," त्या म्हणाल्या. "या क्षणापासून."

शेडमध्ये कुणाला काही कळेना. ट्वायलाने दोनदा पेन उचललं आणि खाली ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते, पण नियम तिला तोंडपाठ होता. "विश्वस्त ओडेट यांनी राजीनामा दिल्यामुळे कोरम उरलेला नाही. सभा संपली," ती म्हणाली.

"अगं पण उत्तर?" इल्डाने विचारलं.

"आता तो नवरा-बायकोचा खासगी मामला आहे. मंडळाचा नाही."

ओडेटनी दार ढकललं आणि त्या उन्हात चालत गेल्या. दीडशे माणसं दारात गोळा झाली, पण लिंबापर्यंत जायचं धाडस कुणाला झालं नाही. दारातून दोघं दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. ज्याला बाहेर काढलं होतं, त्याच एकाला ऐकायला मिळणार होतं.

"झालं?" हार्लननी विचारलं. "काय ठरलं?"

"मी पद सोडलं. आता विचार काय विचारायचं ते."

हार्लन त्यांच्याकडे बघतच राहिले. "अगं, तो नळ... अकरा वर्षं... एवढ्यासाठी?"

"सगळ्या गावाला आधी सांगायचं आणि तुला मग इतिवृत्तात वाचायला लावायचं? विचार."

महिनाभर गिळलेला प्रश्न हार्लनच्या ओठांवर आला आणि आता तो विचारायचीच त्यांना भीती वाटू लागली. म्हणून त्यांनी आधी आपलंच सांगून टाकलं. "मी लवेडाला शब्द दिलाय, ओडेट. मला तिच्याकडे जायला हवं. तुला राग आला तर येऊ दे."

ओडेटनी मोठा श्वास सोडला आणि मटकन लिंबाखालच्या बाकावर बसल्या. "देवा रे. आणि मी महिनाभर झोपले नाही. म्हटलं, तू माझ्यासाठी तिला सोडशील, आणि मग मला डेल्फिनला सोडावं लागेल."

"म्हणजे तू...?"

"मीही त्याच्याच शेजारी. छत्तीस वर्षं त्याने माझं ऐकून घेतलंय, एवढं तरी करायला नको?"

हार्लनना जी कळ येईल असं वाटलं होतं ती आलीच, पण थोडीच आली, आणि तिच्यामागून एवढं हलकं वाटलं की तेही बाकावर बसले. दारातल्या लोकांना दोन म्हातारी माणसं खांद्याला खांदा लावून हसताना दिसली. त्यावरून सोफालच्या दुकानातल्या दोन्ही तटांनी आपणच जिंकलो असं धरलं.

थोड्या वेळाने हार्लन हळूच म्हणाले, "डेल्फिन काय म्हणेल गं, मधल्या या माझ्याबद्दल?"

"त्याला मी मे महिन्यातच सांगून ठेवलंय," ओडेट म्हणाल्या. "म्हटलं, येणार तुझ्याकडेच. पण वाट बघू नकोस, मला बराच उशीर होईल."